नोटीस शुक्रवारी निघाली

पहाटे साडेपाचला बस सुटली क्रीमरीच्या फाटकापासून.
एकोणपन्नास माणसं आणि एक कुत्रा,
कुत्र्याच्या गळ्यातही निळा-पांढरा मफलर.
मॉसी लिलिस गाडी चालवता चालवता बजावत होता
की डब्लिनच्या कोर्टात शिट्ट्या वाजवायच्या नाहीत,
की न्यायमूर्ती म्हणजे रेफरी नव्हे.
मागून कुणीतरी ओरडलं,
"बरं झालं! रेफरीला दिसतं कुठे?"

रविवारी फायनल.
सत्तावीस वर्षांनी आमचं गाव हर्लिंगच्या फायनलला,
आणि फीआक्रा कॉन्सिडीनवर आठ आठवड्यांची बंदी.
आमचा फीआक्रा,
चेंडू दांडीच्या टोकावर तोलत धावतो
तेव्हा वाटतं, कुणाच्या तरी न्याहारीचं अंडं घेऊन निघालाय,
आणि मग पासष्ट यार्डांवरून...
जाऊ दे. ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.
ज्यांनी नाही पाहिलं त्यांची मला कीव येते.

बसमध्ये ज्याच्या त्याच्याजवळ एकेक पुरावा होता.
ब्रायडीच्या मोबाइलवर अकरा सेकंदांचा व्हिडिओ,
त्यात नेमक्या वेळी एकाची छत्री आडवी येते.
छत्रीच्या आधी डोनल टुबरिडी उभा,
छत्रीच्या नंतर गवतावर, हात पोटाशी धरून.
ब्रायडीने ती छत्री आम्हाला इतक्यांदा दाखवली
की जणू छत्रीनेच त्याचं बोट मोडलं.
"नाटकी आहे तो. बापही नाटकीच होता,"
म्हणाला ॲशच्या लाकडातून दांड्या घडवणारा सुतार,
"आणि माझी दांडी बसली असती
तर बोट जाग्यावर राहिलंच नसतं."
हा बचाव होता की जाहिरात, कळेना.

मी आपली अळीमिळी गुपचिळी.
गुरांच्या बाजारात मी काट्यापाशी बसते.
वासरू पाय आपटतं, काटा थरथरत राहतो,
तो थांबेस्तोवर आकडा बोलायचा नाही, ही सवय.
त्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते.
छत्रीच्या उजव्या अंगाला.

न्यायमूर्तींना सर्दी झाली होती.
तीन तास कलम, पोटकलम, पुन्हा कलम,
आणि दर पोटकलमाला एक रुमाल.
बोटाचं नाव कुणी काढलं नाही.
दांडीचं एकदाच निघालं, तेही लिहिताना चुकलं म्हणून.
समितीची नोटीस गुरुवारपर्यंत निघायला हवी होती,
पाकिटावरचा शिक्का शुक्रवारचा.
ते पाकीट या हातातून त्या हातात फिरलं
देवळातल्या प्रसादासारखं नव्हे, दुखऱ्या पिल्लासारखं,
जपून, दोन्ही तळव्यांत.
बंदी रद्द.

मग पायऱ्यांवर जे झालं ते काय सांगू!
कुत्रा भुंकत सुटला, सुतार रडला,
ब्रायडीने एका अनोळखी वकिलाचा मुका घेतला.
फीआक्रा भावाचा सूट घालून आला होता,
बाह्या मनगटाच्या चार बोटं वर.
प्रत्येकाचा हात हातात घेत घेत तो माझ्यापाशी आला.
"रविवारी येणार ना?"
"येणार की."
"तिसरी रांग," तो म्हणाला.
प्रश्नासारखं नाही म्हणाला.

परतीचा रस्ता टुबरिडीच्या गावातून जातो.
वळसा घेता आला असता. मॉसीने घेतला नाही,
उलट हॉर्नवर हात ठेवला तो पूल ओलांडेपर्यंत उचलला नाही.
एका गोठ्याच्या दारात तो उभा होता,
उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हातात बादली,
आणि बादली खाली ठेवावी की नाही, हे त्याला सुचत नव्हतं.
अख्खी बस काचांवर आपटली. नाटकी! नाटकी!
मीही ओरडले.
खोटं कशाला सांगू, सगळ्यांत मोठ्याने.

दुसऱ्या दिवशी बाजारात माझा घसा पार बसलेला.
वासरं काट्यावर चढली, उतरली.
आकडे मी पाटीवर खडूने लिहून दाखवले.